गाडीच्या समोरच्या काचेवरचा बर्फ काढण्याची योग्य पद्धत कोणती?

पहाटवारा

कडाक्याच्या थंडीत रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीची समोरची काच सकाळी पांढरी झालेली असते, आणि ती मोकळी करण्याविषयी जितकी माणसे भेटतात तितके सल्ले मिळतात. कोणी गरम पाणी ओतायला सांगतो, कोणी मिठाचे पाणी शिंपडायला, कोणी व्हिनेगर, कोणी स्पिरिट; कोणी म्हणतो की इंजिन सुरू करून, हीटर पूर्ण सोडून घरात जाऊन बसावे, म्हणजे काम आपोआप होते. हे सल्ले नुसते वेगवेगळे नाहीत तर परस्परविरोधी आहेत, आणि प्रत्येक जण स्वतःचा अनुभव हाच पुरावा म्हणून पुढे करतो.

माझा कल साध्या प्लास्टिकच्या स्क्रेपरकडे आहे, कारण तो बिघडत नाही आणि त्याला वीज लागत नाही. तरीही एका गोष्टीचा मला उलगडा होत नाही. तापमापकावर तेवढेच तापमान असताना एखाद्या सकाळी हा थर भुरभुरीत असतो आणि दोन हातांत निघून येतो, तर दुसऱ्या सकाळी खांदा भरून येईपर्यंत घासले तरी तसूभर हलत नाही. हा फरक कशामुळे पडतो? गरम पाण्याने काच तडकते हे खरे, की नुसतीच ऐकीव गोष्ट? आणि हीटर आधी लावावा की आधी खरवडायला घ्यावे? जाणकारांनी कारणांसह लिहावे, अशी विनंती आहे.

तिरकस

सर्वांत खात्रीची पद्धत म्हणजे आपल्याआधी घराबाहेर पडणाऱ्या माणसाला तीच गाडी वापरायला देणे.

चौथा_गिअर

कोमट पाण्याची एवढी भीती का घेतली जाते, हे मला कळत नाही. उकळते पाणी ओतू नये हे मान्य आहे. परंतु हाताला सोसेल एवढे पाणी काचेच्या वरच्या कडेने सोडले की सगळा थर एका क्षणात खाली येतो. मी अनेक हिवाळे हेच करत आलो आहे आणि माझ्या काचेला आजवर काहीही झालेले नाही. स्क्रेपरने घासत बसणाऱ्यांची मला गंमत वाटते.

काचकाम

माझा व्यवसाय गाड्यांच्या काचा बदलण्याचा आहे, त्यामुळे वरील प्रतिसादावर थोडे सविस्तर लिहितो.

समोरची काच ही एकसंध काच नसते. दोन पातळ काचांच्या मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा एक पडदा दाबून बसवलेला असतो. प्रत्येक काच साधारण दोन मिलिमीटर जाडीची आणि मधला पडदा एक मिलिमीटरहूनही कमी. अपघातात काचेचे तुकडे अंगावर न येता त्या पडद्याला चिकटून राहावेत, यासाठी ही रचना असते. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत वेगळ्या, म्हणजे तापवून एकदम थंड केलेल्या कडक काचा असतात. तापमानातला मोठा फरक त्या सहज सोसतात. समोरची काच तेवढा सोसत नाही.

काचेचा एखादा पट्टा भोवतालच्या काचेपेक्षा ५० अंशांनी गरम झाला, तर दर मीटरला तो साधारण अर्धा मिलिमीटर वाढू पाहतो, आणि शेजारची थंड काच त्याला वाढू देत नाही. ही ओढाताण काचेत ताणाच्या रूपाने साठते. अखंड, नव्या काचेने ती पुष्कळदा सोसली तरी तिला कडेला किंवा मध्ये कोठे दगडाचा बारीकसा टवका गेलेला असेल, तर सगळा ताण त्या टवक्याच्या टोकाशी एकवटतो आणि तेथून चीर धावत निघते. म्हणून ‘माझ्या काचेला काही झाले नाही’ हा अनुभव खोटा नसतो, पण त्यावरून दुसऱ्याला सल्ला देता येत नाही. आपल्या काचेवरचे सगळे टवके आपल्याला दिसलेले असतात असेही नाही, कारण वायपरच्या खाली आणि काळ्या पट्टीच्या आत कोणी पाहत नाही. थंडीच्या पहिल्या लाटेनंतर माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांपैकी अनेकींच्या मालकांना ‘काही केले होते का’ असे विचारले, की ते आधी नाही म्हणतात आणि थोड्या वेळाने किटलीचा उल्लेख करतात.

उष्मांक

काचकाम यांच्याशी सहमत आहे. धागाकर्त्याच्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरेही त्यातूनच निघतात.

काचेवर बसणारा बर्फ एकाच प्रकारचा नसतो. स्वच्छ, निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री हवेतली वाफ थंड काचेवर पाणी न होता थेट स्फटिकांच्या रूपात बसते. हे स्फटिक एकमेकांपासून सुटे असतात, त्यांच्यामध्ये भरपूर हवा असते आणि ते काचेला थोड्याच ठिकाणी टेकलेले असतात. म्हणून तो थर भुरभुरीत लागतो. याउलट संध्याकाळी काचेवर आधी दव किंवा पावसाचे पाणी पडले आणि नंतर तापमान शून्याखाली गेले, तर तेच पाणी काचेला सर्वत्र भिडलेल्या अवस्थेत गोठते. त्यात हवा नसते, तो जवळजवळ पारदर्शक असतो, आणि त्याची काचेवरची पकड अत्यंत घट्ट असते. गोठणारा पाऊस झाला तर याच प्रकारचा थर कित्येक मिलिमीटर जाडीचा बसतो. तापमापक सकाळचे तापमान सांगतो. काच कोणत्या क्रमाने ओली झाली आणि कधी गोठली, हे तो सांगत नाही.

आता थोडा हिशोब. एक चौरस मीटर काचेवर एक मिलिमीटर जाडीचा घट्ट बर्फ असेल, तर तो सुमारे ९०० ग्रॅम भरतो. एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे हा थर पूर्ण वितळवायला जवळजवळ ३०० किलोज्यूल हवेत. त्याखेरीज काच स्वतः उणे १० अंशांवर असेल, तर तिला शून्यापर्यंत आणायलाच आणखी सुमारे ९० किलोज्यूल जातात. मात्र आपल्याला सगळा बर्फ वितळवायचा नसतोच. काचेला टेकलेला त्याचा दहावा हिस्सा जरी सुटला, तरी उरलेला थर पापुद्र्यांनी निघून येतो. म्हणजे प्रश्न बर्फ वितळवण्याचा नसून त्याची काचेवरची पकड सोडवण्याचा आहे, आणि ती पकड आतल्या बाजूने, काचेतून येणाऱ्या उष्णतेने सर्वांत कमी खर्चात सुटते. स्क्रेपर बाहेरून आणि हीटर आतून, हे दोन्ही एकाच वेळी चालू असावेत.

चौथा_गिअर

हिशोब मान्य आहे. पण मग माझ्या कोमट पाण्याचाही हिशोब मांडा. एक लिटर पाण्याने किती काम होते?

उष्मांक

५० अंशांचे एक लिटर पाणी शून्यापर्यंत थंड होताना सुमारे २१० किलोज्यूल देते. आकडा दिसायला मोठा आहे, पण पाणी काचेवर क्षणभरच थांबते आणि त्यातली बरीच उष्णता घेऊन खाली वाहून जाते. काच अजून शून्याखालीच असेल, तर मागे राहिलेला पातळ ओलावा पुन्हा गोठतो, आणि तो वर वर्णन केलेल्या दुसऱ्या, म्हणजे घट्ट प्रकारचा असतो. सुट्या स्फटिकांच्या जागी आपण स्वतःच्या हाताने चिवट थर बसवतो. वाहून गेलेले पाणी वायपरच्या खाचेत आणि आपल्या पायाखाली गोठते, ते वेगळेच.

तिरकस

पायाखालच्या बर्फाबद्दल चौथा_गिअर यांचा अनुभव ऐकायला आवडेल.

चौथा_गिअर

तो अनुभव या धाग्याच्या विषयात बसत नाही.

शिशिरा

बर्फ काढण्याच्या पद्धतींवर इतकी चर्चा झाली, पण तो बसूच नये यासाठी काय करावे यावर कोणी लिहिलेले नाही. काच हवेमुळे जेवढी थंड होते त्यापेक्षा अधिक ती उघड्या आकाशाकडे उष्णता फेकून थंड होते. निरभ्र रात्री आकाश फार थंड असते, त्यामुळे हवेचे तापमान शून्याच्या दोन-तीन अंश वर असतानाही काच शून्याखाली जाऊ शकते. तिरकी असल्यामुळे समोरची काच आकाशाला अधिक सामोरी असते, तर उभ्या असलेल्या बाजूच्या काचांना आकाशापेक्षा भिंती, झाडे आणि इतर गाड्या जास्त दिसतात. म्हणून त्यांच्यावर हिम कमी बसते. ढगाळ रात्री सगळ्याच काचा पुष्कळदा कोरड्या राहतात, त्याचेही कारण हेच.

यावरून उपाय सरळ आहे: काच आणि आकाश यांच्यामध्ये काहीतरी आडवे आणावे. पत्र्याचे छप्पर असेल तर उत्तमच, पण दाट झाडाची फांदी किंवा उंच भिंतीचा आडोसाही उपयोगी पडतो. ते शक्य नसेल तर काचेवर टाकायचे आच्छादन वापरावे आणि त्याची टोके दोन्ही दारांत दाबून दारे बंद करावीत. सकाळी आच्छादन उचलले की बर्फही त्याबरोबर जातो. गाडी पूर्वेकडे तोंड करून उभी केली, तर सूर्य उगवल्यानंतर निघणाऱ्यांचे अर्धे काम तोच करतो; त्याआधी निघणाऱ्यांना याचा अर्थातच उपयोग नाही.

निमूट

आच्छादन जलरोधक असले पाहिजे, एवढी भर घालतो. जुनी चादर किंवा पुठ्ठा टाकण्याचा सल्ला फार लोकप्रिय आहे. परंतु ते ओले झाले की काचेलाच गोठून चिकटतात, आणि मग काचेवरून बर्फाऐवजी पुठ्ठा खरवडावा लागतो. काच कोरडी असतानाच आच्छादन घालावे.

आडवाट

फवाऱ्यांबद्दल कोणी लिहील का? दुकानात मिळणारे बर्फ वितळवण्याचे द्रावण आणि घरी केलेले मिश्रण यांत खरोखर काही फरक असतो का? व्हिनेगरवर माझा विश्वास आहे, कारण तो सल्ला मला तीन निरनिराळ्या लोकांनी दिला.

निमूट

तिघांनी दिलेला सल्ला एकाच ठिकाणाहून निघालेला असू शकतो.

व्हिनेगरमध्ये साधारण पाच टक्के ॲसिटिक आम्ल असते आणि उरलेले सगळे पाणी. एवढ्या आम्लाने पाण्याचा गोठणबिंदू जेमतेम दीड-दोन अंश खाली जातो. म्हणजे उणे पाच अंशांच्या रात्री व्हिनेगर शिंपडणे आणि साधे पाणी शिंपडणे यांत वासाखेरीज फारसा फरक नाही. मिठाचे पाणी तुलनेने बरे, कारण पुरेसे मीठ असेल तर ते उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहू शकते. पण ते पत्र्याच्या सांध्यांत उतरून गंज धरते आणि काचेवर पांढरे ओघळ ठेवते. ते रस्त्यावर टाकायला ठीक, गाडीवर नाही.

खरा उपयोग अल्कोहोलचा होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल उणे ८९ अंशांपर्यंत गोठत नाही, आणि ७० टक्के तीव्रतेच्या या अल्कोहोलचे दोन भाग अधिक पाण्याचा एक भाग असे घरगुती मिश्रण नेहमीच्या थंडीत पुरेसे चालते. दुकानातली अनेक द्रावणेही मूलतः अल्कोहोल आणि थोडे ग्लायकॉल (पाणी सहज गोठू न देणारा एक द्रव) यांचीच असतात. ग्लायकॉल उडून जात नाही, त्यामुळे काच पुन्हा गोठायला वेळ लागतो, एवढाच त्यांचा लाभ. घरगुती मिश्रणातले अल्कोहोल उडताना काचेची उष्णता घेऊन जाते, म्हणून ते फवारून, मिनिटभर थांबून लगेच स्क्रेपर फिरवावा. फवारून निघून गेलात तर चालत्या गाडीत काच पुन्हा धूसर होते. जाड थरावर फवारा नुसता वरून घसरतो. स्क्रेपरच्या दातेरी बाजूने आधी उभ्या-आडव्या रेघा ओढल्या, तर तो बर्फाखाली उतरतो.

दोन इशारे. अल्कोहोल ज्वालाग्राही आहे, त्यामुळे बंद गाडीत बसून, पेटत्या सिगारेटजवळ किंवा उष्ण यंत्राजवळ ते फवारू नये. आणि इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. सांडलेले द्रावण पाळीव प्राणी चाटतात, म्हणून ते जमिनीवर तसेच ठेवू नये.

आडवाट

व्हिनेगरवरचा विश्वास मागे घेतो.

या निमित्ताने आठवले म्हणून थोडे विषयांतर करतो. वायपरचा उगमही याच त्रासात आहे. मेरी अँडरसन ही अमेरिकी स्त्री हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेली असताना तिने पाहिले, की गारठलेल्या पावसात ट्रामचा चालक समोरची काच उघडी ठेवून, वारा तोंडावर घेत ट्राम हाकतो आहे, कारण बंद काचेतून त्याला काहीच दिसत नाही. तिने आतून दांड्याने फिरवता येईल अशी रबराची पट्टी कल्पिली आणि १९०३ साली तिला त्याचे पेटंट मिळाले. पुढे एका कंपनीने या वस्तूला व्यापारी मोल नाही असे कळवून तिला नकार दिला, आणि गाड्या सर्वत्र होईपर्यंत तिच्या पेटंटची मुदत संपून गेली होती. तिला त्यातून काहीही मिळाले नाही.

यंत्रोपासक

ती माहिती रंजक आहे. परंतु बर्फ काढायला वायपर वापरू नये, हे सर्वांत आधी सांगायला हवे होते. रात्री पट्टी काचेला गोठून चिकटते. तशा अवस्थेत वायपर चालू केला तर कधी रबर फाटते, कधी दांडीचा सांधा निखळतो, कधी फ्यूज जातो आणि कधी मोटरच जळते. पावसाची जाणीव होऊन आपोआप चालणारे वायपर यात अधिक धोकादायक आहेत, कारण गाडी सुरू करताच ते तुम्हाला न विचारता ओढू लागतात. म्हणून रात्री गाडी बंद करण्याआधी वायपरचा खटका बंद स्थितीत आणण्याची सवय ठेवावी. चिकटलेली पट्टी हाताने उपटू नये. आतून हीटरची हवा काचेच्या तळाशी लागू द्यावी, ती आपोआप सुटते.

शिशिरा

रात्री वायपर काचेपासून उचलून उभे ठेवले तर हा प्रश्नच उद्भवत नाही. आमच्याकडे सगळे तसेच करतात.

यंत्रोपासक

या बाबतीत माझे मत वेगळे आहे. उभा ठेवलेला दांडा जोराच्या वाऱ्याने आपटला, तर स्प्रिंगच्या पूर्ण ताकदीने काचेवर आदळतो, आणि थंडीत ताणलेल्या काचेला तेवढे निमित्त पुरते. शिवाय अनेक नव्या गाड्यांत वायपर बॉनेटच्या कडेखाली दडलेले असतात. ते तसेच ओढून उचलले तर बॉनेटचा रंग उडतो. अशा गाड्यांत पट्टी बदलण्यासाठी दिलेली एक वेगळी स्थिती असते, ती गाडीच्या पुस्तिकेत पाहून वापरावी. वारा नसेल आणि गाडी जुन्या धाटणीची असेल, तर उचलून ठेवायला हरकत नाही.

काचकाम

दोन्ही बाजू खऱ्या आहेत. वारा असेल त्या रात्री उचलू नयेत.

ठिणगी

माझी गाडी विजेवर चालते आणि या धाग्यातल्या बहुतेक अडचणी मला येत नाहीत. निघण्याची वेळ आदल्या रात्री नोंदवून ठेवली की गाडी चार्जरला जोडलेली असतानाच आतली हवा आणि काच तापवून घेते, आणि त्यासाठीची वीज बॅटरीतून न जाता बाहेरून येते. इंजिनाच्या गाडीत हीटरला उष्णता इंजिनाच्या पाण्यातून मिळते आणि ते पाणीच आधी तापावे लागते; येथे विजेचा हीटर पहिल्या मिनिटापासून गरम हवा देतो. चार्जरला जोडलेली नसताना मात्र हे चैनीचे ठरते, कारण तीच ऊर्जा पुढे अंतर कापायला लागणार असते.

यंत्रोपासक

यावरून एक सांगतो. उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू ठेवले की ते फार सावकाश तापते, आणि डिझेल इंजिन तर त्याहूनही सावकाश, कारण ते उष्णता कमी वाया घालवते. त्यामुळे ‘सुरू करून घरात जाऊन बसा’ या सल्ल्यात वेळ आणि इंधन दोन्ही जाते. अनेक ठिकाणी असे करणे नियमबाह्यही आहे. ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यावर इंजिन चालू ठेवून गाडी सोडून जाता येत नाही, आणि जर्मनीत विनाकारण इंजिन चालू ठेवण्याला मनाई आहे. चोराला तर निमंत्रणच मिळते. सर्वांत गंभीर गोष्ट अशी, की बंद गॅरेजमध्ये, किंवा धुराड्याचे तोंड बर्फाने बुजलेले असताना इंजिन चालवले तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. काचेकडे वळण्याआधी गाडीच्या मागे जाऊन धुराड्याचे तोंड मोकळे आहे का, हे पाहावे.

धुरकट_काच

माझी तक्रार अजून कोणी मांडलेली नाही. माझ्या गाडीत बर्फ काचेच्या आतल्या बाजूला बसतो. तेथे स्क्रेपर नीट पोहोचत नाही, फवारा मारावा तर वास कोंडतो, आणि हीटर लावला की सगळे धुके होते. याला उपाय काय?

उष्मांक

आतला बर्फ हा गाडीत साठलेल्या पाण्याचा पुरावा आहे. ओल्या बुटांनी आणलेला बर्फ पायपुसण्यांत वितळतो, श्वासातली वाफ त्यात भर घालते, आणि रात्री हे सगळे पाणी गाडीतल्या सर्वांत थंड पृष्ठभागावर, म्हणजे काचेवर, जाऊन बसते. पायपुसणी बाहेर काढून वाळवावीत, त्यांच्याखालचा गालिचा दाबून ओला आहे का ते पाहावे, आणि दारांची रबरे गळत नाहीत ना, याची खात्री करावी. ब्लोअर नेहमी बाहेरची हवा घेण्यावर ठेवावा. आतलीच हवा फिरवल्याने गाडी लवकर तापते हे खरे, पण ओलावाही आतच फिरत राहतो. एसी चालू ठेवला तर तो हवा कोरडी करतो, मात्र शून्याच्या जवळपास अनेक गाड्यांत त्याचा कॉम्प्रेसर स्वतःच बंद राहतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबून राहता येत नाही.

काचकाम

यात आणखी दोन कारणे आढळतात. समोरच्या काचेच्या तळाशी, वायपरच्या मागे, बाहेरची हवा आत घेणारी जाळी असते. तेथे पालापाचोळा किंवा बर्फ साठलेला असला, तर ब्लोअर ओलीच हवा आत ओढतो. बाहेरची काच साफ करताना तीही हाताने मोकळी करावी. दुसरे म्हणजे काच आतून अस्वच्छ असली की धुके लवकर धरते, कारण डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणाऱ्या द्रव्यांचा तेलकट पापुद्रा तिच्यावर बसतो. अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने, दारे उघडी ठेवून, ती अधूनमधून पुसावी.

धुरकट_काच

गालिचा दाबून पाहिला. पाणी आले. आभारी आहे.

पहाटवारा

सर्वांचे आभार. आता माझा उरलेला प्रश्न पुन्हा विचारतो, कारण तो थोडा बाजूला पडला. उष्मांक यांच्या मते स्क्रेपर आणि हीटर एकाच वेळी चालू असावेत. पण हीटर थंड हवेने सुरू होतो, मग एकदम खूप गरम हवा सोडतो. ज्या तापमानफरकाची भीती काचकाम यांनी गरम पाण्याबाबत सांगितली, तो येथेही येत नाही का? आणि खरवडणी धातूची असावी की प्लास्टिकची?

काचकाम

हीटर लगेच सुरू केला तर हा फरक येत नाही, कारण इंजिन हळूहळू तापते आणि काचही त्याच्या बरोबरीने हळूहळू तापते. धोका आहे तो इंजिन पूर्ण तापल्यावर गोठलेल्या काचेवर एकदम सर्वाधिक उष्ण हवा सोडण्यात. काचेवर टवका असेल तर तापमान मध्यम ठेवून सुरुवात करावी आणि टवका बुजवून घेण्याचे काम हिवाळ्याआधी उरकावे.

स्क्रेपरबद्दल म्हणाल तर कठीण प्लास्टिकचा, सरळ आणि अखंड धारेचा घ्यावा; धार बोथट झाली की तो बर्फावरून नुसता घसरतो, म्हणून तो बदलत राहावा. पितळेच्या पट्टीचे स्क्रेपरही मिळतात. पितळ काचेपेक्षा मऊ असल्यामुळे ते सहसा ओरखडे काढत नाही, आणि चिवट, पारदर्शक थरावर ते प्लास्टिकपेक्षा चांगले चालते. पोलादी पाते मात्र टाळावे. पण खरे ओरखडे येतात ते धूळ आणि वाळूने, कारण वाळूचे कण काचेहून कठीण असतात आणि स्क्रेपरखाली सापडले की खोल रेघ ओढतात. म्हणून आधी ब्रशने सुटा बर्फ आणि त्यातली घाण झाडावी, मग स्क्रेपर लावावा. तो वरून खाली, एका दिशेने फिरवावा. मागे-पुढे घासू नये.

तिरकस

आणि बँकेचे कार्ड? गरजेच्या वेळी तेच हाताशी असते.

निमूट

थंडीत कार्डाचे प्लास्टिक ठिसूळ होते. ते अर्धे काचेवर राहिले तर बर्फ निघतो, पण खरेदी थांबते.

यंत्रोपासक

सगळ्या चर्चेत छताचा विसर पडू नये. छतावर साचलेला बर्फ गाडी चालू झाल्यावर तापतो आणि पहिल्या ब्रेकला पुढे सरकून, एवढ्या कष्टाने साफ केलेल्या काचेवर येऊन पडतो. मागे उडाला तर मागच्या गाडीला लागतो. त्याचप्रमाणे डोळ्यांसमोर ताटलीएवढी खिडकी पाडून निघणाऱ्यांना मी वारंवार पाहतो. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत सर्व काचांवरील बर्फ काढणे आवश्यक मानले आहे, आणि ते योग्यच आहे, कारण पादचारी समोरून नव्हे तर बाजूने रस्त्यात उतरतो.

पहाटवारा

मागच्या काचेवर ज्या आडव्या रेघा असतात, त्यांवरही स्क्रेपर चालवावा का?

काचकाम

बाहेरून खुशाल चालवा, कारण त्या तापणाऱ्या रेघा काचेच्या आतल्या बाजूला छापलेल्या असतात. आतून मात्र स्क्रेपर लावूच नका. आतली बाजू पुसायची असेल तर मऊ फडके रेघांच्या दिशेनेच, म्हणजे आडवे फिरवावे; एक रेघ मध्येच तुटली की ती पूर्ण रेघ तापायची थांबते. समोरच्या काचेतही काही गाड्यांत अशा तारा असतात, पण त्या केसाहून बारीक आणि दोन काचांच्या मध्ये बसवलेल्या असल्यामुळे त्यांना खरवडण्याने इजा होत नाही. फोर्डने १९८०च्या दशकात तशा तापणाऱ्या काचा आपल्या गाड्यांत आणल्या होत्या.

ठिणगी

आणि मधल्या आरशामागे कॅमेरा असेल तर त्याच्यासमोरचा काचेचा भाग विसरू नका. चालकाला दिसावे तेवढी काच आपण मोकळी करतो आणि तो कोपरा तसाच राहतो. मग आपोआप ब्रेक लावणारी आणि मार्गिका धरून ठेवणारी यंत्रणा बंद असल्याचा संदेश डॅशबोर्डवर येतो, आणि लोकांना वाटते की गाडी बिघडली.

पहाटवारा

माझ्या गाडीत तो संदेश गेल्या आठवड्यापासून येतो आहे. दुरुस्तीची वेळ घेतली होती, ती आता रद्द करतो.